आठ कोअर, एक काटा

कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळीच शेतात बायांची पात लागते. दहा-बारा जणी असतात, प्रत्येकीच्या वाट्याला दोन-दोन तास. तास म्हणजे इकडे पिकाची ओळ. प्रत्येकीच्या कमरेला ओटी बांधलेली. बोंडातला कापूस ओटीत, ओटी भरली की धुऱ्यावरच्या आपापल्या गाठोड्यात. दिवसभर कोणी कोणाच्या आड येत नाही. दिवस कलला की मात्र सगळ्या जणी गाठोडी घेऊन एका काट्यापाशी जमतात. मजुरी किलोवर, म्हणून प्रत्येकीचा कापूस वेगळा मोजावा लागतो. काटा एक, वही एक, लिहिणारा एक. उद्या बाया दुप्पट बोलावल्या तर वेचणी लवकर उरकेल, पण काट्यापाशीची रांग उलट लांबेल.

मी विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी अभियांत्रिकी महाविद्यालयात ऑपरेटिंग सिस्टिम हा विषय शिकवतो. आमच्या प्रयोगशाळेत आठ कोअरचे संगणक आहेत. कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा एकेक हिस्सा. ते चालू केले की मला हा काटा आठवतो. जगातल्या मोठमोठ्या संगणकांचं दुखणं नेमकं हेच आहे, आणि त्यावर उपाय करणारं काम आपल्या पोरापोरींना शिकवायचं आपण टाळत आलो आहोत. सरकार आणि विद्यापीठं यंत्रं विकत घेण्यावर जेवढा जीव टाकतात, त्यातला थोडा तरी त्या यंत्रांतले सगळे कोअर कामाला लावणाऱ्या सिस्टिम सॉफ्टवेअरवर आणि ते लिहिणाऱ्या माणसांवर टाकायला हवा. अशी माणसं तयार करायला ग्रामीण विदर्भातली महाविद्यालयं योग्य जागा आहेत, असं माझं ठाम मत आहे. ते वर्गात जे पाहिलं त्यातून तयार झालं, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

दुसऱ्या वर्षाच्या मुलांना मी एक साधं काम दिलं होतं. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाची छायाचित्रं कोणालाही फुकट मिळतात. एका चौकटीत १०,९८० गुणिले १०,९८०, म्हणजे बारा कोटींहून जास्त ठिपके. प्रत्येक ठिपका जमिनीवरचा दहा मीटर बाय दहा मीटरचा तुकडा. आपल्या भागाची चौकट घ्यायची आणि पीक उभं असलेले ठिपके मोजायचे. मुलांनी शिकवल्याप्रमाणे प्रोग्रॅम लिहिला, चालवला, आणि बाजूला एचटॉप उघडलं, म्हणजे कोणता कोअर किती कामात आहे ते दाखवणारा प्रोग्रॅम. पडद्यावर आठ पट्ट्या. एक शंभर टक्के भरलेली, सात जवळजवळ कोऱ्या. आपण आठ कोअरच्या यंत्रावर बसतो आणि एकच वापरतो, हे त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं.

मग आठ थ्रेड, म्हणजे एकाच प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणारे कामाचे आठ धागे, केले, चित्राचे आठ तुकडे केले, मोजणी मात्र एकाच सामाईक आकड्यात ठेवली. उत्तर चुकलं, आणि दर वेळी वेगळं चुकलं. कारण सोपं आहे. दोन थ्रेड एकाच क्षणी आकडा वाचतात, दोघांनाही ४० दिसतो, दोघंही ४१ लिहितात. दोन ठिपके मोजले, वाढला एक. मुलांनी लॉक लावलं. लॉक ज्याच्याकडे त्यानंच आकड्याला हात लावायचा, बाकीच्यांनी थांबायचं. उत्तर बरोबर आलं, पण वेळ एका थ्रेडपेक्षाही जास्त लागला. आठ जणांना कामाला लावून काम मंदावलं होतं.

मागच्या बाकावरची एक मुलगी, जिची आई आजही वेचणीला जाते, म्हणाली, "सर, एकाच पोत्यात साऱ्याईनं कापूस टाकाचा म्हटलं तं गर्दीच होईन ना. जिची तिची ओटी पायजे." तिनं प्रत्येक थ्रेडला स्वतःचा आकडा दिला आणि शेवटी आठही आकड्यांची एकदाच बेरीज केली. वेळ उतरला, पण अपेक्षेइतका नाही. तिनं आठही आकडे शेजारीशेजारी ठेवले होते. प्रोसेसर स्मृतीतून एकेक आकडा उचलत नाही, बहुतेक यंत्रांत एका वेळी ६४ बाइटची पट्टी उचलतो. आठ आकडे एकाच पट्टीत बसले, की एका कोअरनं आपला आकडा बदलताच बाकीच्या कोअरजवळची ती पट्टी शिळी ठरते आणि पुन्हा आणावी लागते. गाठोडी वेगळी आहेत, पण सगळी एकाच ताडपत्रीवर ठेवली आहेत. एकीनं ताडपत्री ओढली की सगळ्यांची सरकतात. आकडे दूरदूर ठेवल्यावर आठही कोअर खऱ्या अर्थानं कामाला लागले.

हा प्रसंग एवढा लांबवून सांगितला, कारण याच चार पायऱ्या जगातल्या अनुभवी प्रोग्रॅमरांनीही चढल्या आहेत, आणि काही ठिकाणी त्यांना त्यासाठी पंधरा वर्षं लागली.

कोअर वाढवायची वेळ का आली, हे विदर्भातल्या माणसाला समजावणं सोपं आहे, कारण कारण आहे उष्णता. २००० सालच्या आसपासपर्यंत प्रोसेसरचं घड्याळ, म्हणजे तो ज्या ठेक्यावर काम करतो तो ठेका, दर पिढीला वेगवान होत होतं. तोच जुना प्रोग्रॅम नव्या यंत्रावर आपोआप जास्त वेगानं चाले. लिहिणाऱ्याला काही करावं लागत नसे. चिपमधले ट्रान्झिस्टर लहान होत, तसा त्यांना लागणारा व्होल्टेजही कमी करता येई. पुढं व्होल्टेज कमी होईना, आणि घड्याळ वाढवलं की चिप तापू लागली. इंटेलनं २००४ मध्ये आपला पुढचा वेगवान प्रोसेसर बाजारात आणण्याआधीच रद्द केला. त्याच वर्षी पेंटियम-४ हा ३.८ गिगाहर्ट्झवर पोहोचला, आणि ती वाट तिथंच संपली. एक बैल आणखी जोरात पळेना, म्हणून दुसरा जुंपला. आयबीएमनं एका चिपवर दोन कोअर २००१ मध्येच आणले होते. २००५ मध्ये इंटेल आणि एएमडी दोघांचेही दोन कोअरचे प्रोसेसर सामान्य गिऱ्हाइकाच्या टेबलावर आले. आज खिशातल्या साध्या स्मार्टफोनमध्येही आठ कोअर असतात, आणि एएमडीनं २०२४ मध्ये सर्व्हरसाठी काढलेल्या एका प्रोसेसरमध्ये १९२ आहेत.

बैल वाढले, पण जू कोणी बांधायचं? ते सिस्टिम सॉफ्टवेअरचं काम. कोणतं काम कोणत्या कोअरवर जाईल ते ठरवणारा शेड्युलर, सामाईक वस्तूंवरची लॉकं, स्मृतीची वाटणी, थ्रेड सांभाळणाऱ्या लायब्ररी (तयार कोडचे संच), कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा कंपायलर. हे नीट नसेल तर १९२ कोअर म्हणजे १९१ जणांनी एकाला काम करताना पाहणं.

जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेलं गणित इथं प्रत्येकानं एकदा स्वतः करून पाहावं. कामाचा दहावा हिस्सा असा आहे की तो एका वेळी एकालाच करता येतो, म्हणजे आपला काटा. उरलेले नऊ हिस्से वाटता येतात. आठ कोअर लावले तर काम आठ पट नाही, ४.७ पट वेगानं होतं. चौसष्ट लावले तर ८.८ पट. कोअर कितीही लावा, दहा पटीच्या पुढं जाता येत नाही. यंत्र आठ पट महाग घेऊन वेग दुपटीपेक्षाही कमी वाढला. तोच पैसा काट्यापाशीचं काम अर्धं करण्यावर लावला असता, तर मर्यादाच दहावरून वीसवर गेली असती. सार्वजनिक पैशाचा विचार करणाऱ्यानं हे गणित डोळ्यांसमोर ठेवायला हवं, कारण आपला सगळा भर बाया वाढवण्यावर आहे, काट्याकडे कोणी पाहत नाही.

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा इतिहास म्हणजे या काट्याशी झालेली झुंज आहे. १९९६ मध्ये लिनक्स २.० आलं तेव्हा एकाहून जास्त प्रोसेसर चालवण्याची सोय त्यात पहिल्यांदा अधिकृतपणे आली. ती एका मोठ्या कुलपावर, म्हणजे लॉकवर, उभी होती: कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, आत एका वेळी एकच प्रोसेसर. सुरुवातीला ते ठीक होतं, कारण यंत्रांत दोन-चार प्रोसेसर असत. पण ते कुलूप कोडमध्ये इतक्या ठिकाणी रुतलं की ते पुरतं काढायला २०११ साल उजाडलं. पंधरा वर्षं जगभरची माणसं एका कुलपाचे लहान लहान तुकडे करत होती. वाड्याच्या एकाच दाराला कुलूप होतं, ते काढून प्रत्येक खोलीला, मग प्रत्येक पेटीला वेगळं लावायचं, आणि हे करताना घरात वावर चालूच.

२०१० मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी ४८ कोअरच्या यंत्रावर लिनक्स आणि सात प्रोग्रॅम तपासले: मेल सर्व्हर, वेब सर्व्हर, डेटाबेस अशी रोजच्या वापरातली. एक सोडून सगळ्यांत कर्नलमधली कुठली ना कुठली गाठ अडत होती. गाठी मोठ्या नव्हत्या. कुठं एक सामाईक आकडा, जो प्रत्येक कोअर सतत बदलत होता. कुठं स्मृतीच्या एकाच पट्टीत बसलेल्या दोन नको त्या गोष्टी. आकड्याच्या गाठीवर त्यांनी काय केलं? प्रत्येक कोअरला आकड्याचा आपापला हिस्सा दिला आणि गरज पडेल तेव्हाच बेरीज केली. माझ्या वर्गातल्या मुलीची ओटी! एवढ्या मोठ्या कर्नलमध्ये त्यांनी बदललेल्या एकूण ओळी भरल्या ३,००२. हा आकडा मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. तीन हजार ओळी म्हणजे शेवटच्या वर्षाचे चार-पाच विद्यार्थी प्रकल्पासाठी सहज लिहितात तेवढा कोड. अडचण ओळींच्या संख्येत नाही. कुठल्या तीन हजार, हे कळण्यात आहे, आणि ते मोजल्याशिवाय कळत नाही.

शेड्युलरचीही तीच गोष्ट. हे काम सुटलं असं बहुतेकांना वाटत होतं. २०१६ मध्ये संशोधकांनी दाखवलं की लिनक्सच्या शेड्युलरमध्ये अशा चुका होत्या, ज्यांमुळे काही कोअर रिकामे असताना दुसऱ्या कोअरपुढं कामं ताटकळत. यंत्र थांबत नव्हतं, चूक म्हणून काही दाखवत नव्हतं, फक्त मंद चालत होतं. खरेदी केंद्रावर एका काट्यापुढं ट्रॅक्टरांची रांग रस्त्यापर्यंत आणि पलीकडचा काटा रिकामा, हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना यातलं नुकसान सांगावं लागणार नाही.

उपायही शेताच्या ओळखीचेच आहेत. जिची पात आधी लागते ती मागं राहिलेलीच्या तासाला समोरून लागते. दोघी एकमेकींकडे येत येत तास संपवतात, आणि शेवटच्या दोन झाडांपर्यंत एकमेकींच्या आड येत नाहीत. एमआयटीत १९९० च्या दशकात सिल्क नावाच्या प्रणालीवर झालेल्या कामातून हीच पद्धत पक्की झाली. रिकामा कोअर दुसऱ्याच्या कामांच्या रांगेतून उलट टोकानं काम उचलतो, म्हणजे मालक एका टोकाला आणि मदतीला आलेला दुसऱ्या. आज जावा, गो, रस्ट या भाषांत रोज हेच चालतं.

आणखी एक उपाय, आरसीयू (रीड-कॉपी-अपडेट), मला सर्वांत देखणा वाटतो. बाजार समितीतला भावफलक घ्या. वाचणारे शेकडो, बदलणारा एक. भाव बदलताना सगळ्यांना थांबवलं तर गोंधळ. त्यापेक्षा नवा फलक मागं लिहून तयार करायचा, एका झटक्यात पुढं लावायचा, आणि जे जुना वाचत उभे होते त्यांचं वाचून झाल्यावरच जुना पुसायचा. वाचणाऱ्याला कुलूपच नाही. ही पद्धत २००२ मध्ये लिनक्समध्ये आली, पॉल मॅकेनी यांच्याबरोबर दीपंकर सरमा यांनी तिच्यावर काम केलं, आणि आज कर्नलमध्ये ती ठायी ठायी आहे. कर्नलच्या पोटात भारतीय नावं आहेत, हे मी मुलांना आवर्जून सांगतो.

हा सार्वजनिक प्रश्न कसा, असं कोणी विचारेल. जूनमध्ये विदर्भातल्या कास्तकाराच्या घरी बसून पाहा. पहिल्या पावसावर पेरायचं की थांबायचं? पेरलं आणि पावसानं पाठ फिरवली तर दुबार पेरणी, म्हणजे बियाण्याचा आणि मजुरीचा खर्च पुन्हा, तोही बहुधा उसना. मे २०२५ मध्ये देशानं भारत फोरकास्ट सिस्टिम सुरू केली. आधीचं जागतिक प्रारूप १२ किलोमीटरच्या चौकटींत हवामान पाहायचं, हे ६ किलोमीटरच्या चौकटींत पाहतं. चौकटीची बाजू निम्मी झाली की चौकटी चौपट होतात, आणि साधारणपणे काळाची पावलंही निम्मी करावी लागतात, म्हणजे हिशेब आठ पटीच्या आसपास. हे गणित पुण्यातल्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या 'अर्क' या महासंगणकावर हजारो कोअरमध्ये वाटलेलं असतं. प्रत्येक कोअरला शेजारच्या चौकटींची हवा माहीत असावी लागते, म्हणून कोअर एकमेकांना सतत निरोप पाठवतात. निरोपांच्या वाटेत काटा अडकला तर अंदाज उशिरा येतो, आणि उशिरा आलेला अंदाज पेरून बसलेल्या माणसाच्या काही कामाचा नाही. उद्या कोणी म्हणेल ६ चं ३ किलोमीटर करा. तेव्हा पुन्हा आठ पट यंत्र विकत घेणार, की कोणीतरी बसून गाठी सोडवणार?

देशानं पैसा कमी लावलेला नाही. २०१५ मधल्या राष्ट्रीय महासंगणन मोहिमेला ४,५०० कोटी, २०२४ मधल्या इंडियाएआय मोहिमेला दहा हजार कोटींहून जास्त. बातम्यांत मात्र आकडे येतात ते यंत्रांचे: किती पेटाफ्लॉप (हिशेबाचा वेग), किती जीपीयू (एकाच वेळी पुष्कळ हिशेब करणाऱ्या चिप). त्यांच्यावर चालणारं सॉफ्टवेअर दर वर्षी कोण सांभाळणार, त्या माणसांच्या नोकऱ्या कायम आहेत की कंत्राटी, हा प्रश्न बातमीत येत नाही. एका संस्थेत मी स्वतः पाहिलेली गोष्ट आहे. महागडा जीपीयू सर्व्हर आला, फीत कापली गेली, फोटो निघाले. पण कामं रांगेत लावून वाटून देणारं सॉफ्टवेअर बसवायला माणूसच नव्हता. एक विद्यार्थी सकाळी लॉगिन करून बसायचा आणि संध्याकाळपर्यंत सगळं यंत्र अडवायचा, त्याच्या प्रोग्रॅमला त्यातला एकच कोपरा लागत असला तरी. पुढं एसी बिघडला, उन्हाळा आला, आणि यंत्रावर कापड पडलं. त्या यंत्राच्या किमतीच्या एका लहानशा हिश्श्यात दोन माणसं तीन वर्षं पगारावर ठेवता आली असती. याचा मला आजही राग येतो.

आपल्याच इतिहासात याचं उत्तर आहे. परम महासंगणकाचे शिल्पकार विजय भटकर अकोला जिल्ह्यातल्या, मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंबा गावचे. नागपुरात अभियांत्रिकी शिकले. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही सरकारी संगणन संस्था उभी राहिली, १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. त्यातले प्रोसेसर इथले नव्हते. ते इनमॉस या ब्रिटिश कंपनीचे ट्रान्सप्युटर होते, ज्याला पैसे असतील त्याला मिळणारे. आपलं जे होतं ते जोडणीत होतं. सुट्या लहान प्रोसेसरांना एक काम वाटून कसं करायला लावायचं, त्यांचे निरोप कसे जातील, त्यावर प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला कोणती साधनं द्यायची. म्हणजे परम ही मुळात समांतर संगणनाची आणि त्याच्या सॉफ्टवेअरची कमाई होती. मुरंब्याच्या माणसाचं नाव आपण भाषणांत घेतो, पण त्या कमाईतला जोडणीचा भाग गाळून.

माझ्या म्हणण्यावर सहकारी जे आक्षेप घेतात त्यांतला एक खरोखर जड आहे. मुलांना नोकरी हवी आहे, घरी कर्ज आहे, कंपन्या वेबसाइटचं काम विचारतात. तुम्ही त्यांना कर्नलमध्ये कुठं नेता? मी याला हलक्यानं घेत नाही. शेत गहाण ठेवून फी भरलेला बाप मी समोर बसलेला पाहिला आहे. म्हणून साठ जणांच्या वर्गातल्या प्रत्येकानं कर्नल लिहावं असं मी म्हणत नाही. साठही जणांना आपला प्रोग्रॅम आठ कोअरवर मोजता आला पाहिजे, आणि चार-पाच जणांना त्याच्या मुळाशी जाण्याची वाट दिसली पाहिजे. आज ती त्या चार-पाच जणांनाही दिसत नाही. वेबसाइट बनवणारे लाखो आहेत, त्या गर्दीत आमचा पोरगा पुण्याच्या पोराच्या चार पावलं मागंच उभा राहतो. सिस्टिमच्या कामात गर्दी नाही. आणि लिनक्स कर्नलमधला बदल आजही साध्या मजकुराच्या ईमेलनं पाठवला जातो. तो कोणत्या शहरातून आला हे कोणी विचारत नाही. बदल बरोबर आहे का, एवढंच विचारतात, तेही कडक शब्दांत. तालुक्याच्या गावातून, अधूनमधून जाणाऱ्या नेटवरून करता येण्यासारखं याहून चांगलं तांत्रिक काम मला माहीत नाही.

तयार लायब्ररी सगळं करतात, हा दुसरा आक्षेप अर्धा खरा. करतात, म्हणून रोज वापराव्यात. पण आमच्या मुलांची लाडकी पायथॉन भाषा घ्या. तिच्या नेहमीच्या आवृत्तीत एक मोठं कुलूप आहे, ज्यामुळे एका वेळी एकच थ्रेड पायथॉनचा कोड चालवू शकतो. ते काढलेली प्रायोगिक आवृत्ती ऑक्टोबर २०२४ मध्ये पायथॉन ३.१३ बरोबर आली. आता जुने प्रोग्रॅम आणि लायब्ररी त्या कुलपाविना बरोबर चालतात का, हे जगभर तपासावं लागणार आहे. कुलूप म्हणजे काय हे ज्याला कळतं त्याच्यासाठी हे काम समोर पडलेलं आहे.

आता एआय कोड लिहील, मग हे कशाला शिकायचं, असंही मुलं विचारतात. समांतर प्रोग्रॅममधली चूक लाख वेळा चालवून दिसत नाही आणि मग एकदाच दिसते. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेच्या ईशान्येकडे आणि कॅनडात पाच कोटींच्या आसपास लोकांची वीज गेली. झाडांना टेकलेल्या तारांपासून सुरुवात झाली, पण ओहायोतल्या नियंत्रण कक्षात धोक्याचा इशारा देणारं सॉफ्टवेअर त्याआधीच गप्प झालं होतं आणि कर्मचाऱ्यांना ते कळलंच नाही. पुढं शोधाअंती सापडली ती दोन प्रक्रियांनी एकाच वेळी एका माहितीला हात लावल्याची चूक, माझ्या मुलांच्या ४० आणि ४१ सारखी. ते सॉफ्टवेअर तोवर तीस लाखांहून जास्त तास चाललं होतं, असं बनवणाऱ्या कंपनीच्या माणसानं सांगितलं. कोड माणसानं लिहिला असो वा यंत्रानं, ही चूक ओळखायला दोन हात एकाच वेळी एका ओटीत गेले तर काय होईल, हे मनात चालवून पाहणारा माणूस लागतो. चंद्रपूर आणि कोराडीची वीज राज्यभर जाते. ती वाहून नेणाऱ्या जाळ्याच्या सॉफ्टवेअरपाशी बसलेला माणूस विदर्भाचा असावा, ही अपेक्षा फार मोठी नाही.

भाषेबद्दल थोडं, कारण आमच्याकडे निम्मी लढाई तिथंच हरली जाते. मराठी माध्यमातून आलेली हुशार मुलं पहिल्या वर्षी इंग्रजी पुस्तकापुढं गप्प होतात आणि मग चार वर्षं गप्पच राहतात. तंत्रशिक्षणावर देखरेख करणाऱ्या एआयसीटीईनं २०२१ मध्ये प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकी शिकवायला परवानगी दिली, ते पाऊल चांगलंच आहे. पण प्रत्येक शब्दाला जड संस्कृत प्रतिशब्द घडवण्यात मला अर्थ वाटत नाही. थ्रेड थ्रेडच राहू द्या, लॉक लॉक. समजावणं मराठीत हवं, वऱ्हाडीत असेल तर आणखी चांगलं. प्रात्यक्षिकाच्या तोंडी परीक्षेत मुलानं आपल्या बोलीत उत्तर दिलं तर त्याचे गुण कापू नयेत. ओटीचा दाखला देणारी मुलगी इंग्रजीत विचारलं असतं तर त्या दिवशी बोललीच नसती.

करायचं काय, यावर माझी मागणी मोठी नाही. ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रात्यक्षिकांत आज 'मी थ्रेड क्रमांक तीन' असं पडद्यावर छापलं की गुण मिळतात. ते बंद करून गुण मोजणीला द्यावेत: एका कोअरवर किती वेळ, दोनवर किती, आठवर किती, आणि वेग जिथं थांबला तिथं का थांबला. ओपनएमपी हे समांतर प्रोग्रॅम लिहायचं साधन १९९७ पासून आहे, फुकट कंपायलरांत मिळतं, एका ओळीच्या सूचनेनं लूप आठ कोअरवर पसरतं. त्यानं सुरुवात करून महिन्याभरात मुलांना लॉकपर्यंत नेता येतं. जिथं प्रयोगशाळेतले संगणक फारच जुने आहेत तिथं रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा चार कोअरचा संगणक पुरेल. लोडशेडिंगमध्ये तो लहान बॅटरीवरही चालतो. शिक्षकांना आधी हे स्वतः करायला लावा, दोन दिवसांच्या व्याख्यानमालेत नाही, पूर्ण उन्हाळी सुट्टीत, आणि त्याचे पैसे द्या. सरकारी पैशातून घेतलेल्या प्रत्येक मोठ्या यंत्राबरोबर त्याचं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या माणसांची पदं त्याच मंजुरीत असावीत. आणि देशात उभ्या असलेल्या परम यंत्रांवर आमच्यासारख्या महाविद्यालयांतल्या मुलांना आठवड्यातून काही तास हक्काचे मिळावेत, कोणाच्या ओळखीनं नाही. नागपुरात कापूस संशोधन संस्था आहे, संत्र्याची आहे, मृदा सर्वेक्षणाची आहे, राज्याचं सुदूर संवेदन केंद्र आहे. आमच्या मुलांनी ज्या जमिनीवर पाय ठेवला तिचीच माहिती तिथं साठत असते. ती मोजणारे प्रोग्रॅम आठ कोअरवर, आठशे कोअरवर नीट चालवणं हा त्यांच्यासाठी खरा प्रकल्प आहे, आणि त्यासाठी मुंबई-पुण्याला जावं लागत नाही.

त्या मुलीचा प्रोग्रॅम आम्ही प्रयोगशाळेच्या भिंतीवर लावला आहे, चारही आवृत्त्या एकाखाली एक, प्रत्येकीपुढं लागलेला वेळ लिहून. नवीन तुकडी आली की पहिल्या तासाला ती भिंत वाचते. यंदा दोन मुलांनी पाचवी आवृत्ती लिहायला घेतली आहे. चित्राचे तुकडे आधीच न वाटता, जो थ्रेड रिकामा होईल त्यानं समोरून पुढचा उचलायचा. बदललेल्या प्रात्यक्षिकांचा प्रस्ताव मी तयार केला आहे. विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाच्या पुढच्या बैठकीपूर्वी तो पाठवेन. अकरा पानांचा आहे, आणि त्यात यंत्रखरेदीची एकही ओळ नाही.